ऐकणाऱ्याची सही

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांचं डोकं छत्रीच्या कापडात होतं. ओसरीत एक टेबल, टेबलावर काळ्या छत्रीचं कापड उसवून शिवलेली एक खोळ, आणि त्या खोळीत मानेपर्यंत शिरलेले एक गृहस्थ. बाहेर दिसत होती फक्त पांढरी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. मी दोनदा नमस्कार म्हटलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा म्हणणार तोच आतून त्यांच्या पत्नी आल्या, त्यांनी त्या बनियनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "मशीन पाहून राह्यले जी ते. बसा तुमी. पान संपल्याबिगर निंगत नाईत."

पान म्हणजे मला पोथीचं पान वाटलं.

थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, आणि समोरच्याचं तोंड न्याहाळत राहायची एक विचित्र सवय. मी माझ्या तोंडाला काही लागलंय की काय म्हणून ओठ पुसले.

"काय करता तुमी?" त्यांचा आवाज ओसरीच्या मानानं फार मोठा होता.

"नर्स आहे. इथल्याच एका दवाखान्यात."

"म्हंजे छातीले नळी लावून ऐकता?"

"हौ."

"बराबर ऐकू येते?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, तुमसरहून एकटी मध्य प्रदेशात बालाघाटला नोकरीला आले होते आणि माझ्या कानांचा मला भलता ताठा होता. "डॉक्टरांना येतं त्याच्याहून जास्त येतं," मी म्हटलं.

"देल्ली खोली," ते म्हणाले आणि परत कापडात शिरले. जात नाही विचारली, गाव नाही विचारलं, पाहुणे किती येतात तेही नाही. कानांवर खोली मिळालेली मी त्या शहरातली पहिलीच भाडेकरू असेन.

त्यांना मी काकाजी म्हणायला लागले आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकाजींची सगळी नोकरी मलाजखंडला, तांब्याच्या खाणीवरच्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये गेलेली. भिंतभर काटे, आणि दर तासाला प्रत्येक काट्याचं रीडिंग वहीत मांडायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं होतं की निवृत्त झाल्यावरही ते सुटेना. विजेच्या मीटरचं रीडिंग, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, ओसरीतला थर्मामीटर, सगळं तासातासाला वहीत. काकू एकदा म्हणाल्या, "लगन झालं तवा माह्याई कपाळाले हात लावून आकडा लिवून घेतला यायनं." हे खरं की खोटं मला माहीत नाही. काकाजींना विचारलं तर म्हणाले, "ताप होता तिले. शंभर पॉइंट चार."

टेबलावरची ती मशीन म्हणजे आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तेव्हा असली वस्तू आमच्या वॉर्डात, म्हणजे त्या वस्तीत, कुणी पाहिली नव्हती. आकारानं जेवणाच्या ताटाएवढी, खांद्याला अडकवून कुठंही न्यावी, लाइट गेले तरी सेलवर चालावी. त्यांच्या नागपूरच्या जावयानं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून ती आणून दिली होती. आठ जणांचा आवाज आठ वेगळ्या पट्ट्यांवर घ्यायचा आणि मागाहून हवा तसा एकत्र करायचा, असा तिचा खेळ. पण काकाजी ज्याच्यावर भाळले ते आवाजाचं प्रकरण नव्हतंच. मशीनच्या वरच्या अंगाला एक पडदा होता, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, हिरवट उजेडाचा. त्या एका पडद्यावर एकामागून एक कितीतरी पानं यायची. एका पानावर आठ पट्ट्या नाचायच्या, एकावर वेळ, एकावर कुठल्या ट्रॅकवर काय आहे त्याची यादी. काकाजींना जणू त्यांची अख्खी कंट्रोल रूम कुणीतरी काडेपेटीत भरून परत दिली होती.

ओसरीत ऊन यायचं आणि उन्हात पडदा दिसायचा नाही, म्हणून छत्री उसवली गेली. काकू त्या पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन बाजारात गेल्या, असं त्या आजही सांगतात.

मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी तीन महिने वाचलं. पडद्यावरचं एकूण एक पान त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं उतरवलं, चौकटी आखून, आकडे घालून, आणि ते कागद ओसरीच्या भिंतीवर ओळीनं चिकटवले. देवाधर्माचं कॅलेंडर त्या घरात नव्हतंच. बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली ही चित्रं. मशीनला हात लावायचा तर आधी भिंतीवरचं पान दाखवावं लागे. "आधी पान पाह्य, मंग बटन दाब," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की दवाखान्यात सलाईन लावतानाही मनात यायचं. दुसरं वाक्य होतं, "कान फसवते. काटा नाई फसवत." पडद्यावर काटा नव्हता, उभ्या पट्ट्या होत्या, पण काकाजींच्या लेखी जे वर-खाली होतं तो काटा.

मी मनात म्हणायची, वा रे! गाणं म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे का?

आमच्या वॉर्डात बायकांचं एक गायन मंडळ होतं. गाणी स्वतःच रचलेली. शाळेची, नळाची, विडीच्या पानांची, जयंतीची. मंडळात गाणाऱ्या बऱ्याच, पण आवाज म्हणावा असा एकच, आणि तो मावशीचा. मावशी पन्नाशीची, विड्या वळणारी, अंगानं किरकोळ. ती गायला लागली की विहाराच्या पलीकडच्या पानठेल्यावरचे हिंदीवाले लोकसुद्धा बोलायचे थांबत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही करायला शिकली तेव्हा तिनं एक गाणं केलं होतं, त्याचं पहिलं कडवं मला अजून येतं:

अंगठा होता माहा बाई, कोऱ्या कागदाची शाई,
आता माह्या नावापुढं माही मीच करतो सही.

विहाराचं नवं सभागृह बांधून होत आलं होतं. त्याच्या उद्घाटनाला मंडळाच्या गाण्यांची सीडी काढायची असं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष एक मास्तर होते, कडक इस्त्रीचे आणि कडक बोलण्याचे. त्यांचं म्हणणं, रेकॉर्डिंग गोंदियाच्या स्टुडिओत व्हावं. काकाजी बैठकीत उभे राहिले आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मशीन माह्या घरी हाय. बायका काहून गोंदियाले जातीन?" मास्तरांनी एक अट घातली. एक गाणं जरी बिघडलं तरी रेकॉर्डिंग काकाजींच्या हातून काढून गोंदियाला द्यायचं, मग कुणी रुसायचं नाही. काकाजी म्हणाले, "मंजूर." त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना भजी करायला लावली. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी ड्यूटी दिली होती.

दर रविवारी सकाळी बायका काकाजींच्या ओसरीत जमायला लागल्या, आणि मीही कोरसात बसायला लागले. पहिल्याच दिवशी घोटाळा. एकेकीचा आवाज वेगळा घ्यायचा तर बाकीच्यांनी गप्प बसायला हवं. आता आठ बायका एका ओसरीत, समोर गाणं चाललंय, आणि गप्प? एक गुणगुणायची, दुसरी हुंकार द्यायची, तिसरीची बांगडी वाजायची. काकाजी कापडातून डोकं काढून म्हणायचे, "तीन नंबरवर कोण बोलून राह्यलं?" शेवटी काकूंनी तोडगा काढला. जिची पाळी नाही तिच्या जिभेवर खडीसाखरेचा एक मोठा खडा. खडा विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेव्हापासून आमचं रेकॉर्डिंग असं चालायचं: मधोमध एक बाई कानाला हेडफोन लावून गातेय आणि भिंतीकडेनं सात बायका गाल फुगवून बसल्यात. मास्तर एकदा अचानक आले ते आम्हाला तसं बघून दारातूनच परत गेले.

ओसरीच्या फरशांवर काकाजींनी रंगानं आकडे घातले होते, माईकपासून एक, दोन, तीन असे. गाण्याआधी प्रत्येकीनं सहीचं ते पहिलं कडवं म्हणून दाखवायचं, तोवर काकाजी पट्टी पाहायचे. पट्टी लालपर्यंत जायला लागली की बाईनं मागं सरकायचं. कंट्रोल रूममध्ये लाल म्हणजे धोका, आणि आपल्या साऱ्या नोकरीत एक काटा लालमध्ये जाऊ दिला नाही हे ते छातीवर हात मारून सांगत. मावशीला त्यांनी चौथी फरशी दिली. तिच्यामागं भिंतच होती. मला पहिली. "तुह्या आवाजाले मशीनच्या मांडीवरच बसाव लागते, सिस्टरबाई," असं ते सर्वांसमोर म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

एक चूक मात्र त्यांच्या हातून व्हायची, आणि ती फक्त त्यांच्याच हातून होऊ शकत होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहावर आला की गाणं कितीही रंगात असो, ते मशीन थांबवायचे, उठायचे, विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हं, पुढं." मावशी वैतागून म्हणायची, "भाऊ, तुमच्या मीटरपायी माही लेक उपाशी राह्यली ना गान्यात!" कारण ते कडवं लेकीच्या जेवणाचं होतं. शेवटी काकूंनी रविवारपुरतं घड्याळच उतरवून ठेवलं.

आणि वही. रेकॉर्डरचीसुद्धा वही होती, कारखान्यातल्यासारखी आखलेली. तारीख, बाईचं नाव, ट्रॅक, फरशी, पट्टी कुठवर चढली, चाचणीच्या कडव्यात किती वेळा शून्यावर आली. शेवटी सहीचे दोन रकाने. पहिल्यावर लिहिलेलं, "वाचन घेणाऱ्याची सही". तिथं ते करायचे. दुसऱ्यावर, "ऐकणाऱ्याची सही". तिथं मी. सगळे ट्रॅक एकत्र करून ते मला हेडफोन द्यायचे, मी गाणं ऐकायचं, ठीक आहे म्हणायचं आणि सही ठोकायची. "दोन सह्याईबिगर शिफ्ट संपत नाई," ते म्हणायचे. दवाखान्यातून दमून आलेली मी आकडे कशाला वाचते! गाणं छान वाटलं की सही.

असेच सात-आठ रविवार गेले. एका रविवारी बायका उठून गेल्यावर मी विसरलेला रुमाल घ्यायला परत आले. काकाजी पाठमोरे बसले होते, डोकं कापडात, बाहेर हेडफोनची वायर लोंबलेली, आणि बोटानं टेबलावर ठेका धरलेला. ठेका अगदी चोख. मध्येच "वाह" म्हणाले. रुमाल उचलायला वाकले तर हेडफोनची पिन जमिनीवर पडलेली दिसली. मशीनला लावलेलीच नव्हती. मी वाकलेलीच राहिले. मग त्यांच्या अगदी पाठीशी जाऊन मी हाक मारली, "काकाजी." पुन्हा मोठ्यानं, "काकाजी!" बोटाचा ठेका चालूच होता.

खोली पाहायला आले त्या दिवसापासूनचं सगळं मला एकदम उलगडलं. समोरच्याचं तोंड न्याहाळणं, तो मोठा आवाज, माझ्या कानांची चौकशी, दुसरा रकाना. पट्टीकडे पाहूनच ते ठेका धरायचे आणि पाहूनच वाह म्हणायचे.

मी स्वयंपाकघरात गेले. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"समजलं वाटते तुले," त्या म्हणाल्या.

"किती दिवसांपासून?"

"तीन साल झाले. आधी बारीक आवाज गेले, मंग गानं गेलं. आता जवळून बोललं त भारीभारी तेवढं समजते. माह्या सासऱ्याचंई असंच झालतं. त्याईच्या घरातच हाय ते." त्यांनी माझा हात धरला. "सांगू नको मास्तरले. मशीन गेली त मानूस बसून जाईन माहा."

मी नाही सांगितलं. पण खरं लिहायचं तर त्यानंतर माझ्या मनात काकाजींची किंमत उतरली. मी त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. बहिरा माणूस रेकॉर्डिंग करतोय आणि माझ्या कानांवर सगळा डोलारा उभा आहे, हा एक नवा ताठा मला चढला. सही मी तेव्हापासून जरा मोठी करायची, शेपूट वळवून.

शेवटचा रविवार आला. मावशीचं एकटीचं गाणं तेवढं राहिलं होतं. मास्तर मुद्दाम आले होते, दुसऱ्या दिवशी गाणी सीडी करायला गोंदियाला पाठवायची होती. सात बायका खडीसाखर घेऊन भिंतीला टेकल्या. मावशीनं चाचणीचं कडवं म्हटलं. मला तर ते नेहमीसारखंच गोड लागलं. काकाजींचं डोकं बराच वेळ कापडातच राहिलं. मग बाहेर आलं आणि त्यांनी मशीन बंद केली.

"आज होत नाई," ते म्हणाले.

"काहून?" मास्तर उठलेच.

"इचं गानं घेत नाई मी. इले आधी दवाखान्यात न्या."

मावशी पदरानं तोंड पुसत हसली. "मले काय झालं भाऊ? ठनठनीत त हावो मी."

"श्वास पुरून नाई राह्यला तुले."

मास्तरांचा पारा चढला. "आमाले सगळ्याईले आवाज बराबर ऐकू येऊन राह्यला. गानं उत्तम झालं. तुमालेच काय वेगळं ऐकू आलं? बिघडवाचं असन त तसं सांगा. गोंदिया काही दूर नाई."

मी काकूंकडे पाहिलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काकाजी काही म्हणाले नसते आणि बटण दाबलं असतं, तर सीडी झाली असती, अट पुरी झाली असती, आणि त्यांची ड्यूटी त्यांच्याकडेच राहिली असती. त्यांनी मास्तरांचं तोंड नीट न्याहाळलं, हेडफोन उचलला आणि पिन हातात धरून सगळ्यांना दाखवली.

"मले काहीच नाई ऐकू आलं," ते म्हणाले. "तीन साल झाले, मले गानं ऐकू येत नाई. हे मी कानाले लावतो ते तुमाले दाखवाले. म्हनूनच सांगून राह्यलो. तुमी सगळे ऐकता, म्हनून फसून राह्यले. मी पाहून राह्यलो."

एका बाईच्या तोंडातला खडीसाखरेचा खडा फरशीवर पडला तो टक्कन वाजला. काकाजींनी वही उघडून आजची ओळ लिहिली आणि वही माझ्यासमोर धरली.

"वाच सिस्टरबाई. मोठ्यानं."

मी वाचलं. पहिला रविवार: मावशी, फरशी चौथी, कडव्यात पट्टी शून्यावर चार वेळा. तिसरा रविवार: फरशी चौथी, पाच वेळा. पाचवा: फरशी तिसरी, सात वेळा. मग फरशी दुसरी. आज फरशी दुसरी, आणि तेच दोन ओळींचं कडवं म्हणताना पट्टी अकरा वेळा शून्यावर, म्हणजे अकरा वेळा श्वास. भिंतीपाशी बसणारी मावशी दोन महिन्यांत माईकजवळ सरकत आली होती आणि आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती तरबेज गाणारी, शब्दांच्या आडोशानं श्वास चोरायची, आणि एकत्र केलेल्या गाण्यात आमचा कोरस ते सगळं भरून काढायचा. काकाजी मात्र तिचा ट्रॅक एकटा पाहायचे.

"पंप हवा खात असला ना, त काटा असाच पडते," ते म्हणाले. "आवाज तवा बराबरच येते. मंग एक दिवस पंप बसते."

आजची सोडून प्रत्येक ओळीच्या शेवटी, दुसऱ्या रकान्यात, माझी सही होती. शेवटच्या दोन तर शेपूट वळवलेल्या. मला तिथं धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी खोलीत जाऊन नळी आणली आणि मावशीला आत नेऊन तिच्या पाठीला लावली. डावीकडे श्वास नीट येत होता. उजवीकडे वरती येत होता, आणि खाली, जिथं यायला हवा तिथं, काहीच नव्हतं. पुन्हा लावली. काही नाही. डॉक्टरांहून जास्त ऐकणाऱ्या माझ्या कानांना दोन महिन्यांनी पहिली खरी गोष्ट कळली, तीही एका बहिऱ्या माणसानं बोट दाखवल्यावर.

"रात्री झोपताना दम लागते?" मी विचारलं.

"उशी दोन घेतो," मावशी हळूच म्हणाली. "गानं झाल्यावर सांगनार होतो ना बाई. माह्यापायी सीडी काहून थांबवता."

तिच्या फुप्फुसाशी पाणी झालं होतं. क्षयाचं. दवाखान्यात नेऊन ते काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की अजून काही आठवडे असंच चाललं असतं तर कठीण होतं. काढलेलं पाणी पाहून मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "आता चौथ्या फरशीवर बसता येईन का?"

सभागृहाचं उद्घाटन सीडीशिवाय झालं. मास्तरांनी भाषणात कारण सांगितलं, काही न लपवता. आणि मग त्या कडक माणसानं जे केलं त्याबद्दल मी त्यांना सगळे जुने शब्द माफ केले. कुणीतरी खालून विचारलं, मग आता गोंदियाला कधी? मास्तर म्हणाले, "गोंदियाले नाई. जो दिसत नाई तो श्वास ज्याले दिसते, त्याच्याच मशीनवर होईन. मावशी बरी होयेपर्यंत मंडळ थांबन." काकाजी पहिल्या रांगेत बसले होते. मास्तरांचं तोंड त्यांना लांबून वाचता आलं नाही. टाळ्या का पडतायत ते काकूंनी त्यांच्या तळहातावर बोटानं लिहून सांगितलं. ते सगळं लिहून होईपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या, तेव्हा ते एकटेच मागाहून लाजले.

मावशीच्या गोळ्या मीच द्यायची, समोर उभी राहून. दर रविवारी ती ओसरीत यायची, गाणं नाही, फक्त ते एक कडवं म्हणायची आणि काकाजी वहीत मांडायचे. नऊ. सात. सहा. फरशी दुसरी, तिसरी. आता मी आकडे वाचल्याशिवाय सही करत नव्हते. सहा महिन्यांच्या वर झाले आणि एका रविवारी ती भिंतीपाशी चौथ्या फरशीवर बसली, पदर खोचला आणि असा सूर लावला की ओसरीच्या कौलावरची कबुतरं उडाली. छत्रीच्या कापडातून काकाजी ओरडले, "लाल! लाल झाला!" तो धोक्याचा लाल ज्यांनी जन्मात कधी होऊ दिला नाही, ते गृहस्थ टाळ्या पिटत बाहेर आले. भिंत फोडल्याशिवाय मावशीला अजून मागं नेता येत नव्हतं. त्या दिवसाच्या ओळीला त्यांनी लाल शाई वापरली आणि पट्टीच्या रकान्यात नुसतं लिहिलं, "पार".

सीडी निघाली. जयंतीला वाजली, लग्नात वाजली, सीमेवरच्या राजेगावच्या पलीकडे महाराष्ट्रातसुद्धा गेली. काकाजींनी ती कधी ऐकली नाही. त्यांनी ती पाहिली, अनेक वेळा, आणि कुणी आलं की त्यालाही पाहायला लावायचे.

नंतर मला सरकारी नोकरी लागली आणि मी भंडाऱ्याकडे गेले. आज माझ्या हाताखाली नव्या मुली शिकतात, त्यांना मी नळी लावायच्या आधी पेशंटकडे नुसतं बघायला लावते. किती उशा घेतो, एका वाक्यात कितीदा थांबतो. त्या कंटाळतात. मला हे कुणी शिकवलं ते मी त्यांना फार अभिमानानं सांगते, आणि त्यांना ते खरं वाटत नाही.

काही वर्षांनी एकदा बालाघाटला गेले तेव्हा काकाजींना आता काहीच ऐकू येत नव्हतं. ओसरी तीच, भिंतीवरची चित्रं पिवळी पडलेली, फरशांवरचे आकडे झिजलेले. चहा झाला. नव्या मुलींना मी नळीच्या आधी बघायला शिकवते, हे त्यांनी माझ्या ओठांवरून वाचून घेतलं. त्यांनी मशीनवरची धूळ पुसली, सेल घातले आणि मला खुणेनं पहिली फरशी दाखवली.

"म्हन," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काकाजी, माझा कुठं आवाज आहे?" त्यांनी ओठ वाचले आणि हात झटकला. डोकं छत्रीच्या कापडात गेलं. आता मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते. मी सहीचं कडवं म्हटलं, मावशीचं दोन ओळींचं कडवं, बेसूर. कापडातून एक हात बाहेर आला आणि त्यानं मला मागं सरकायची खूण केली. एक फरशी मागं! इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा दुसरी फरशी मिळाली होती. मी सरकले आणि पुन्हा म्हटलं.

मग ते बाहेर आले, चष्मा पुसला, वही काढली. तारीख, माझं नाव, ट्रॅक एक, फरशी दुसरी, पट्टी, शून्यावर पाच वेळा. "पाच कसे? चार पाह्यजे," ते म्हणाले. "रडून राह्यली काय?" मी मान हलवली. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि मी सवयीनं दुसऱ्या रकान्याकडे वळले. त्यांनी माझा हात धरून पहिल्या रकान्यावर, वाचन घेणाऱ्याच्या जागी नेला. मी तिथं सही केली. मग पेन परत घेऊन, ऐकणाऱ्याची सही असं लिहिलं होतं त्याच्याखाली, त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत मला वही मिटू दिली नाही.